चहातली वेलची किती कामाची?

आमच्या आत्याकडे वेलदोडे सोलले जायचे ते श्रीखंडासाठी नाहीतर पुरणासाठी. दाणे खलबत्त्यात जात आणि साली चहाच्या डब्यात. डब्याचं झाकण उघडलं की मंद वास यायचा, आणि आत्या पाहुण्यांना अभिमानाने सांगायची, "आमच्याकडे वेलचीचाच चहा असतो हो." तो खरं म्हणजे सालींचा चहा होता. वेलचीचं सुगंधी तेल जवळपास सगळं आतल्या काळसर दाण्यांत असतं. साल म्हणजे नुसती डबी. पण त्या पिढीने वेलची महाग वस्तू म्हणून वापरली, औषध म्हणून तिचा गाजावाजा केला नाही.

आता उलट झालं आहे. दर आठवड्याला मोबाइलवर एक तरी संदेश येतो. वेलचीचा चहा प्या, रक्तदाब उतरेल, साखर आटोक्यात येईल, वजन घटेल, पोट साफ होईल, शांत झोप लागेल. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी असंच काही वाचून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली आणि सकाळ-संध्याकाळ वेलचीचा चहा सुरू केला. तीन आठवड्यांनी डोकं दुखतं म्हणून दवाखान्यात गेले, तेव्हा वरचा आकडा १८० च्या घरात होता. डॉक्टर त्यांना काय बोलले ते काका सांगत नाहीत. काकूंनी मात्र सगळ्यांना सांगितलं.

काकांनी वाचलेली माहिती अगदीच हवेतली नव्हती, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. वेलचीवर प्रयोग झालेले आहेत. उदयपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकताच रक्तदाब सुरू झालेल्या लोकांना त्यांनी १२ आठवडे रोज वेलचीची पूड दिली आणि रक्तदाब उतरलेला दिसला. पण माणसं होती अवघी २०, आणि पूड होती दिवसाला ३ ग्रॅम. इराणमध्येही मधुमेहाच्या रुग्णांना १० आठवडे रोज तेवढीच वेलची देऊन पाहिली गेली आणि साखरेच्या तपासणीत थोडी सुधारणा दिसली. तिथल्याच दुसऱ्या एका अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या स्त्रियांना तितकीच वेलची दिली, तेव्हा रक्तदाबात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे चित्र आशा वाटावी असं आहे, पण अजून कच्चं आहे. गोळीऐवजी वेलची घ्यावी असं यातल्या कशातूनही निघत नाही.

आता हे ३ ग्रॅम म्हणजे किती, ते पाहू. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर मी चांगले भरलेले दहा वेलदोडे तोलून पाहिले. सव्वादोन ग्रॅम भरले, तेही सालीसकट. म्हणजे ३ ग्रॅमसाठी रोज तेरा-चौदा वेलदोडे लागतात, आणि ते चहात उकळून गाळायचे नाहीत, पूड करून पोटात जायला हवेत. आपण एका कपाला घालतो एक वेलदोडा, फार तर दोन. त्यातला निम्मा ऐवज गाळणीत चोथ्याबरोबर राहतो. प्रयोगातली वेलची आणि आपल्या कपातली वेलची यांत दसपटीहून जास्त अंतर आहे. हे एक गणित डोक्यात ठेवलं, तर वेलचीच्या चहाबद्दलचे नव्वद टक्के संदेश वाचायची गरज उरत नाही.

मग या कपात काहीच नाही का? आहे, पण ते वेगळ्या जागी आहे.

वेलचीच्या तेलात दोन द्रव्यं मुख्य असतात. एक सिनिओल, जे निलगिरीच्या तेलातही असतं. वेलची चावल्यावर नाकाडोळ्यांपर्यंत जाणारा गारवा त्याचाच. दुसरं टर्पिनाइल अ‍ॅसिटेट, त्याने वासाला गोडसर, फुलासारखी छटा येते. जेवणानंतर एक वेलदोडा तोंडात टाकला की तोंडाचा वास जातो आणि पोट हलकं वाटतं, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. आयुर्वेदात तिला एला म्हणतात आणि जिथे जिथे कफ, मळमळ किंवा अपचन आहे, तिथे ती छोट्या मात्रेत येते. सितोपलादी चूर्णाचं प्रमाणच पाहा ना. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १. एकतीस भागांत वेलची दोन. जुन्या वैद्यांनाही ती जोडीला लागायची, सगळा भार तिच्यावर टाकायला नव्हे.

चहातल्या वेलचीचा सर्वांत मोठा फायदा माझ्या मते साखरेच्या डब्याशी आहे. वेलची आपण कशात खातो? बासुंदीत, श्रीखंडात, पुरणात, शिऱ्यात, लाडवात. जन्मापासून हा वास आणि गोड चव आपल्याला एकत्रच भेटत आली आहेत. त्यामुळे वेलचीचा वास आला की जिभेला गोडाची आठवण होते आणि कमी साखरेचा चहा फिका वाटत नाही, असा माझा तर्क आहे. तर्क सोडा, करून बघा. दोन चमचे साखर घालत असाल तर ताजी ठेचलेली वेलची घालून दीड चमचा करा. आठवड्याने सव्वा, मग एक. एका लहान चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर मावते. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. म्हणजे जेवणातलं, बिस्किटातलं, सणावाराचं गोड मोजायच्या आधीच आपला नुसता चहा ती मर्यादा ओलांडून जातो. वेलचीने यातली निम्मी साखर सुटली, तर रोजची २० ग्रॅम वाचली. रक्तातली साखर आणि वजन या दोन्हींसाठी ही २० ग्रॅम कपातल्या एका वेलदोड्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे. मात्र उलटही घडतं. वेलची घातली म्हणून चहा "औषधी" झाला, असं समजून दोन कप जास्त पिणारी माणसं मी पाहिली आहेत.

पण हे सगळं जमायचं तर कपात वेलचीचा वास उतरला पाहिजे, आणि बहुतेक घरांत तो उतरत नाही. आपण वेलची टाकतो आधणाच्या पाण्यात, सुरुवातीला, आणि मग चहा दहा मिनिटं रटरटू देतो. वेलचीचं तेल कारखान्यात काढतात ते वाफेवरच. दाणे भरडायचे, त्यांतून वाफ सोडायची, वाफेबरोबर तेल बाहेर येतं. उघड्या पातेल्यात चहा उकळताना आपण नेमकं तेच करत असतो, फक्त तेल गोळा करत नाही. घरभर वास सुटला की आपण खूश होतो. तो वास कपातून गेलेला असतो. मी एकदा दोन पातेली शेजारी-शेजारी ठेवून करून पाहिलं. दोन्हींत दोनच वेलदोडे, एकात सुरुवातीला टाकलेले, दुसऱ्यात गॅस बंद केल्यावर. घरातल्या तिघांना न सांगता कप दिले. तिघांनीही दुसरा कप उचलून विचारलं, "यात किती वेलची घातलीस?"

तर दोन कपांसाठी असं करा. दीड कप पाणी ठेवा. आलं घालणार असाल तर ते ठेचून या पाण्यातच घाला आणि दोन मिनिटं चांगलं उकळू द्या. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक द्रव्य असतं, ते उकळल्याने निकामी होतं. दूध घातल्यावर मागाहून आलं टाकलं की चहा नासतो तो त्यामुळे. वेलचीने दूध नासत नाही, तिला घाई नाही. मग साखर आणि दोन लहान चमचे चहा, दीड-दोन मिनिटं उकळी. अर्धा कप गरम दूध घालून एकदा वर येऊ द्या आणि गॅस बंद करा. आता वेलची. आधी ठेचून ठेवलेली नको, याच वेळी ठेचलेली हवी. खलबत्त्यात वेलदोडे साल न काढता घाला आणि त्यावर चिमूटभर साखर टाका. दाणे गुळगुळीत असतात, बत्ता पडला की उडून ओट्यावर जातात. साखरेचे कण त्यांना धरून ठेवतात आणि भरड नीट होते. पीठ करू नका, गाळणीतून उतरून तळाशी गाळ बसतो. भरड पातेल्यात टाका, झाकण ठेवा, तीन मिनिटं हात लावू नका. मग गाळा. वेलचीचं तेल पाण्यापेक्षा स्निग्धात चांगलं विरघळतं, म्हणून दूध असलेल्या चहात वास जास्त धरून राहतो. साय काढलेल्या दुधात तो थोडा कमीच भरतो, तेव्हा एक वेलदोडा वाढवा.

पुण्याच्या जुन्या अमृततुल्यांमध्ये खलबत्त्याचा आवाज चहा तयार होत असतानाच यायचा, हे ज्यांनी ऐकलं आहे त्यांना वरचं सगळं नवं वाटणार नाही. दुबई-दोह्यात राहणाऱ्या आपल्या मंडळींना तिथला करक चहा ठाऊक असतो. दाट दूध, कडक पत्ती, वेलची आणि मजबूत साखर. महिन्यातून एकदा छान. रोज तीन ग्लास प्यायला लागलात, तर वर केलेलं गणित पुन्हा एकदा करून बघा.

रात्री चहा नको पण काहीतरी गरम हवं असं वाटत असेल, तर चहापत्ती सोडून द्या. दोन वेलदोडे भरडून कपात टाकायचे, वर उकळतं पाणी ओतायचं, बशी झाकायची, आठ-दहा मिनिटांनी गाळून घोट घोट प्यायचं. झोप येते की नाही ते मी सांगू शकत नाही. पण यात कॅफीन नाही, त्यामुळे निदान झोप उडत तरी नाही. साध्या चहाच्या कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नका म्हणते. वेलची घातल्याने हा आकडा तसूभरही हलत नाही.

बाजारात मिळणाऱ्या तयार वेलची चहाच्या पुड्यांबद्दल फार लिहायला नको. पुडी उलटी करून घटकपदार्थ वाचा. जो घटक सर्वांत जास्त, तो सर्वांत आधी छापायचा असा नियम आहे. दूध घातलेल्या तयार मिश्रणात पहिल्या दोन नावांत साखर सापडली, तर पुडी परत ठेवा. वेलची बहुतेकदा शेवटी असते, कधी नुसता तिचा वास.

वेलची विकत घेताना मात्र वेळ द्या, कारण ती महाग आहे. केशर आणि व्हॅनिला सोडले तर मसाल्यांत तिच्या वर कोणी नाही. व्यापारात तिची प्रत आकारावरून ठरते, चाळणीच्या मिलिमीटरवर. ८ मिमीच्या वरचे टपोरे वेलदोडे भेटीच्या डब्यांत आणि परदेशात जातात, त्यांचा भाव सर्वांत चढा. चहासाठी तुम्हाला त्यांची गरज नाही. ६-७ मिमीचा, पण घट्ट भरलेला वेलदोडा घ्या. दुकानात एक फोडून पाहा. दाणे काळसर तपकिरी आणि बोटाला किंचित चिकट लागले पाहिजेत. फिके, सुरकुतलेले दाणे म्हणजे वेळेआधी तोडलेला माल. कानाशी हलवल्यावर खुळखुळ वाजला तर जुना आणि सुकलेला. तोंड उघडलेला वेलदोडा स्वस्त मिळतो, पण त्याचा वास कधीच उडालेला असतो. रंग फारच हिरवागार वाटला, तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळा. हिरवा डाग पडला तर तो रंग झाडाचा नाही. तयार पूड घेऊच नका. घरीही महिनाभराची पूड करून ठेवू नका, पंधरा दिवसांत ती लाकडासारखी होते. ५० ग्रॅम वेलदोडे आणा, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि बरणी गॅसच्या शेजारच्या फळीवरून हलवा. आणि मसाला वेलची वेगळी, तिच्यात धुराचा वास असतो. ती बिर्याणीत आणि गोड्या मसाल्यात शोभते, चहात नाही.

इतकी महाग का, हे इडुक्कीत गेलात तर डोळ्यांना दिसतं. केरळातल्या या जिल्ह्यातल्या डोंगरांना वेलचीचंच नाव आहे. वेलची मूळची सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या ओल्या जंगलातली, हळद आणि आल्याच्या कुळातली. माणसापेक्षा उंच वाढते, पण शेंगा वर फांद्यांना लागत नाहीत. बुंध्यापासून जमिनीलगत लांब दांडे फुटतात, त्यांवर फुलं आणि शेंगा येतात. तोडणाऱ्या बाया दिवसभर वाकून किंवा उकिडव्या बसून एक-एक शेंग खुडतात. सगळ्या शेंगा एकदम तयार होत नाहीत, त्यामुळे काही आठवड्यांनी त्याच झाडापाशी पुन्हा यायचं. मग बंद खोलीत मंद उष्णतेवर वाळवण, नाहीतर हिरवा रंग जातो. पाच किलो ओल्या शेंगांची एक किलो वेलची होते. २०१८ च्या महापुराने आणि त्यानंतरच्या पावसाच्या ताणाने बागा गेल्या, तेव्हा २०१९ मध्ये लिलावात भाव किलोला ७००० रुपयांपर्यंत चढला होता. जगात सर्वांत जास्त वेलची मात्र आता पिकते ग्वाटेमालात, जिथे एका जर्मन मळेवाल्याने तिची रोपं नेऊन लावली.

या पिकाला कीड फार लागते, आणि फवारण्याही फार होतात. जानेवारी २०२३ मध्ये शबरीमलाच्या अरवण प्रसादातल्या वेलचीत कीटकनाशकांचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला म्हणून केरळ उच्च न्यायालयाने त्याची विक्री थांबवली आणि प्रसादाचे लाखो डबे पडून राहिले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, तरी फवारणीचा प्रश्न आहे तिथेच आहे. कपाला एक वेलदोडा घालणाऱ्याने यावरून झोप उडवून घेऊ नये. पण संदेश वाचून रोज तेरा-चौदा वेलदोडे खाणाऱ्याने दोनदा विचार करावा, आणि निदान सेंद्रिय म्हणून प्रमाणित झालेला माल घ्यावा.

बाकी काळजी वेलचीपेक्षा चहाचीच जास्त. पित्ताशयात खडे असतील तर वेलची रोज जास्त प्रमाणात घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणातल्या मळमळीवर वेलचीचा छोटासा प्रयोग झालेला आहे आणि त्यात आरामही दिसला, पण तिथेही आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, शेजारणीशी नंतर. रिकाम्या पोटी कडक चहाने ज्यांना जळजळ होते, त्यांची जळजळ वेलचीने थांबत नाही. त्यांनी आधी काहीतरी खावं.

आणि जेवणाबरोबर चहा नको. चहातल्या टॅनिनमुळे भाजी-भाकरीतलं लोह शरीराला नीट मिळत नाही. आपल्याकडे १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये लोह कमी पडून किंवा अन्य कारणांनी रक्तक्षय आढळतो, आणि नाश्त्याच्या पोह्यांबरोबर चहा घेणाऱ्याही त्याच असतात. जेवणाच्या किंवा नाश्त्याच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळा, असं राष्ट्रीय पोषण संस्था २०२४ च्या मार्गदर्शनात सांगते. लोहाची गोळी चहाबरोबर गिळायची नाही, ही तर पहिली गोष्ट. थायरॉइडच्या गोळीचंही तसंच. ती उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास चहा घ्यायचा नाही.

आत्याला थायरॉइडची गोळी गेल्या वर्षी सुरू झाली. साठ वर्षं डोळे उघडल्याबरोबर चहा लागणारी बाई, तिला हा एक तास डोंगराएवढा वाटला. आता ती सहाला गोळी घेते आणि सात वाजेपर्यंत ओट्याशी बसून दिवसभराचे वेलदोडे निवडते. साली अजूनही चहाच्या डब्यातच जातात.